हुजुरातीचे बारा स्वार: टेबलावरच्या पानिपतासाठी मॉडेलं कापून नव्याने उभी करताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका मामा-भाच्यांचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, पण साहित्य, हत्यारं आणि निर्णयांचा क्रम जसा होता तसाच ठेवलाय. मामा भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. त्यांचा हात धातूवर बसलेला, मॉडेलं मात्र आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतलेली. भाचा शिकायला इंग्लंडला गेला, तिथे छोट्या फिगर टेबलावर मांडून ऐतिहासिक लढाया खेळणाऱ्यांत मिसळला आणि परत येताना बॅगेतून काही बॉक्स घेऊन आला. मी त्यांच्याच खेळगटातला. सल्ल्यासाठी मला बोलावलं होतं आणि काम संपेपर्यंत मी जात-येत राहिलो.

गटाचा बेत १४ जानेवारीला पानिपत मांडायचा होता. १७६१ च्या त्या दिवशीची मराठ्यांची रचना ठरलेली आहे: डावीकडे इब्राहिमखान गारदी आणि त्याचं कवायती पायदळ, मध्ये भाऊसाहेबांबरोबर हुजुरात म्हणजे पेशव्यांची खाशी फौज, उजवीकडे शिंदे-होळकर. तुकड्या आपापसांत वाटून घेतल्या. मामा-भाच्यांच्या वाट्याला हुजुरातीचे बारा स्वार, एक सरदार आणि दांडपट्टा चालवणारा एक पट्टेकरी आले.

त्यांच्याकडे जे होतं ते असं. २८ मिलिमीटर मापाच्या, म्हणजे उभा माणूस साधारण तेवढ्या उंचीचा, मंगोल घोडेस्वारांचा एक प्लॅस्टिक बॉक्स. दुसऱ्या एका अफगाण बॉक्समधून उरलेली पागोटेवाली डोकी. घोड्यावर बसून तलवार उगारलेला व्हाइट मेटलचा एक सरदार. आणि एका मित्राने थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये काढून दिलेला पट्टेकरी. धातूतले तयार मराठा स्वार बाहेरच्या देशांतून मागवता येतात, पण प्लॅस्टिक हाताशी होतं आणि भाच्याला ते आपल्या हाताने बदलायचं होतं.

अडचण

बॉक्समधले मंगोल स्वार धनुष्य ताणून, घोडा चौखूर उधळत निघालेले. अंगावरचा लांब झगा लांबून अंगरख्यासारखा दिसला असता, तेवढाच काय तो उपयोग. बाकी पानिपतच्या सकाळी हुजुरात कशी निघाली असेल, त्याच्याशी या पोझचा मेळ बसत नव्हता.

नोव्हेंबरपासून मराठ्यांची छावणी कोंडीत सापडली होती. दाणावैरण संपली होती, जनावरं मरत होती. अब्दालीच्या बाजूने लढणाऱ्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौलाच्या, पदरी असलेल्या काशीराज पंडिताने त्या दिवसाची हकिकत लिहून ठेवली आहे. तीत मराठे पागोट्यांचे शेव मोकळे सोडून, तोंडाला-हाताला हळद फासून, मरायच्या तयारीने बाहेर पडल्याचं वर्णन आहे. भाच्याच्या मनात हे चित्र घट्ट बसलं होतं. त्याला गुबगुबीत घोड्यांवरचे उत्साही तिरंदाज नको होते. थकलेल्या घोड्यांवर, पागोट्यांचे शेव मागे उडत असलेले, भाले घेतलेले स्वार हवे होते.

मामांनी कामाला सुरुवात हत्यारांपासून केली. "कापायचं काय नि कशाने, एवढं सांग. बाकी मी बघतो." भाच्याचं उत्तर मला महत्त्वाचं वाटलं. "मामा, आधी तो स्वार काय करतोय ते ठरवूया. कुठे कापायचं ते त्यावरून ठरेल."

दोघांचंही खरं होतं. पण कामं तीन वेगवेगळ्या पदार्थांत होती आणि तिन्हींना एकच रीत किंवा एकच गोंद चालणार नव्हता. बॉक्समधलं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरिन: मऊ, सुरीने सोललं जाणारं, प्लॅस्टिक सिमेंटने विरघळून एकजीव होणारं. व्हाइट मेटल म्हणजे कथलाचा मिश्रधातू. त्यावर आणि रेझिनवर प्लॅस्टिक सिमेंटचा काहीच परिणाम होत नाही. आणि प्रिंटरचं रेझिन कडक, ठिसूळ असतं, चिमटलं की तडकतं.

समोरचे पर्याय

किती बदल करायचा, याबद्दल तीन विचार पुढे आले.

पहिला: फक्त डोकी आणि हात बदलायचे. मंगोल डोकं काढून पागोट्याचं बसवायचं, धनुष्याचा हात काढून भाल्याचा. सोपं, जलद, जवळजवळ जोखीम नसलेलं. पण बाराही धडं एकाच दिशेला वळलेली राहिली असती.

दुसरा: प्रत्येक स्वार कमरेत कापून धड नव्याने फिरवायचं, घोड्याची मान खाली घ्यायची, सगळं वेगळं करायचं. भाच्याचा ओढा याकडे होता.

तिसरा मित्राने सुचवला: संगणकावर पोझ बदलून बाराही स्वार रेझिनमध्ये नव्याने प्रिंट करायचे. पोझचं स्वातंत्र्य यात सर्वांत जास्त. पण भाल्यासारखे बारीक भाग खेळताना हाताळून रेझिनमध्ये टिकत नाहीत, आणि मुळात दोघांना हाताने करायचं होतं. हा विचार तिथेच संपला.

मी पहिल्या दोघांच्या मधला रस्ता सुचवला. टेबलापासून हातभर अंतरावर उभं राहिलं की नजर आधी डोक्यांची दिशा आणि भाल्यांचे कोन टिपते. कंबर कुठे वळली आहे, हे त्या मानाने उशिरा लक्षात येतं. म्हणून आठ स्वारांची फक्त डोकी-हात बदलावेत आणि चौघांना कमरेत कापावं, असं ठरलं. हे चौघे पुढच्या रांगेत विखुरले की पूर्ण तुकडी वेगवेगळी हालत असल्यासारखी दिसते. हा निर्णय शेवटपर्यंत बरोबर ठरला आणि कामाचा भार त्याने निम्म्याहून कमी केला.

हत्यारांबद्दलही मतभेद होते. मामांकडे हातात धरायचं रोटरी टूल होतं, वेगाने फिरून कापणाऱ्या चकत्यांसह. त्यांचा भरवसा त्यावर. भाच्याच्या मनात परदेशी मॉडेलिंग सेट मागवायचा होता, सुरेख डब्यातला, वीस-पंचवीस नग असलेला.

हत्यारांचा निर्णय

चकती आधी निकाली निघाली, तीही चाचणीतच. स्प्रूच्या, म्हणजे ज्या चौकटीला सुटे भाग जोडलेले येतात तिच्या, रिकाम्या काडीवर मामांनी ती फिरवली, तर काप स्वच्छ न येता प्लॅस्टिक वितळून कडेला गोळा झालं. पॉलिस्टायरिन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि वेगाने फिरणाऱ्या चकतीखाली एवढी उष्णता क्षणात होते. शिवाय चकतीची जाडी. हे माप साधारण १:५६ आहे. चकतीने ०.६ मिलिमीटर खाल्लं, तर खऱ्या माणसाच्या कमरेतून जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर गायब झाले. मामांनी हा हिशेब स्वतःच कागदावर मांडला आणि टूल परत पेटीत ठेवलं.

सुरीने कापताना काही वाया जात नाही, पण पातं पाचरीसारखं घुसतं आणि जाड भागात प्लॅस्टिक दोन्हीकडे ढकलतं. कापलेले पृष्ठभाग मग फुगीर होतात. मान, मनगट, बोटं यांना सुरी ठीक, कमरेला नाही. कमरेसाठी मामांनी सोनारी करवत आणली, सोनारकामाचं सामान मिळतं तिथून. 4/0 नंबरचं पातं, काप पाव मिलिमीटरच्या आत. पातं फ्रेममध्ये चांगलं ताणून बसवायचं, दात मुठीकडे वळलेले, म्हणजे ओढताना कापतं. दाब द्यायचा नाही. या करवतीने प्लॅस्टिक, धातू आणि रेझिन तिन्ही कापले. माझ्या मते या छंदातली ही सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे.

सेट मागवलाच नाही. सोनारी करवत, चांगल्या पात्यांची सुरी, सपाट तोंडाचं निप्पर म्हणजे कापायची छोटी पक्कड, हातात फिरवायचा बारीक गिरमिट म्हणजे पिन व्हाइस आणि त्याची ०.५ ते १ मिलिमीटरची ड्रिलं, दोन-तीन सुई-कानशी आणि ४०० ते १००० नंबरचे पॉलिश पेपर. एवढ्यात सगळं झालं. ड्रिलं मात्र मोडतात, म्हणून प्रत्येक मापाची जास्तीची घ्यावीत.

कंबर, मान, घोडा

कुठे कापायचं, यावर दोघांनी बराच वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला. स्वाराचे नितंब खोगिराला चिकटलेले असतात, ते हलवता येत नाहीत. म्हणून वळण द्यायचं ते कमरबंदावर. तिथे कापलं तर सांधा शेल्याखाली झाकता येतो. धड फिरवताना मामांना आधी पूर्ण काटकोनात वळवायचं होतं, मागे वळून बघणारा स्वार म्हणून. भाच्याने मामांना खुर्चीवर बसवलं, गुडघे पुढे ठेवून वळायला सांगितलं. खांदे किती फिरतात, डोकं किती पुढे जातं, हे मामांना स्वतःच्या अंगावर कळलं. त्यानंतर एकही धड तीस-पस्तीस अंशांपेक्षा जास्त फिरवलं नाही. उरलेलं वळण मानेने घेतलं.

हाताच्या कोपरासाठी तंत्र वेगळं. आतल्या बाजूने छोटी पाचर कापायची, बाहेरची पातळ त्वचा तशीच ठेवायची आणि तिच्यावर हात बिजागरीसारखा मिटायचा. सिमेंट लावून दाबून धरायचं. पाचर मोठी झाली की हात आखूड होतो आणि माणूस विचित्र दिसायला लागतो. काय चुकलं ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं. म्हणून पाचर मुद्दाम लहान काढून, मिटवून बघून, मग थोडी वाढवायची.

तीन घोड्यांच्या मानाही याच पद्धतीने खाली आणल्या. मानेच्या खालच्या बाजूने पाचर, वर आयाळीखालची कड शाबूत. वाकवताना त्या कडेला पडलेल्या चिरा पुटीने, म्हणजे मळून लावायच्या आणि मग घट्ट होणाऱ्या लगद्याने, भरून आयाळ नव्याने ओढली. भाच्याला सगळ्या घोड्यांच्या फासळ्याही दाखवायच्या होत्या. एका घोड्यावर त्याने गोल पात्याने बरगड्यांमधली जागा हलकेच खरवडली आणि परिणाम चांगला आला. पण बाराही घोड्यांवर तेच केलं असतं तर खरवडलेला पृष्ठभाग गुळगुळीत करण्यात दिवस गेले असते. रंगाच्या सावलीने हेच साधतं, हे त्याला पटलं. खरवडलेला घोडा एकच राहिला.

पागोट्याचे शेव आणि पुटीची निवड

या प्रकरणाचा सर्वांत रसाळ भाग हा. पागोट्याचा मोकळा सोडलेला शेव म्हणजे २८ मिलिमीटरच्या मापात कागदाइतका पातळ, हवेत तरंगणारा कपडा. तो कशाचा करायचा?

हाताशी तीन पुट्या होत्या. एम-सील घराघरात असतं, स्वस्त, लवकर घट्ट होतं. पण त्याचा कण जाड, बारीक घडी त्यात उठत नाही. मिलिपुट दगडासारखं कडक होतं, पाण्याने गुळगुळीत करता येतं, वाळल्यावर कानस-पेपर छान लागतो. ग्रीन स्टफ निळ्या आणि पिवळ्या पट्टीतून मळायचं. वाळल्यावरही किंचित लवचीक राहतं, पण पेपरने घासलं की तंतू उठतात.

भाच्याने पहिला शेव मिलिपुटचा केला. सुंदर झाला आणि दुसऱ्या दिवशी स्वार उचलताना मोडला. तेव्हा मी सुचवलं की पुटी निवडताना त्या भागाला काय सोसायचं आहे ते आधी बघावं, दिसणं नंतर. हवेत सुटा राहणारा, बोट लागणारा भाग ग्रीन स्टफचा. घासून सपाट करायचा भाग, म्हणजे कंबरेची फट, घोड्याची मान, मिलिपुटचा. एम-सील फक्त तळाच्या पट्टीवरच्या जमिनीला.

शेव करायची रीत अशी. ग्रीन स्टफची पट्टी जिथे निळी आणि पिवळी एकमेकींना चिकटलेली असते, तिथला बारीक तुकडा कापून टाकायचा, कारण तो डब्यातच अर्धा घट्ट झालेला असतो आणि मळल्यावर त्याचे खडे लागतात. एकसारखा हिरवा होईपर्यंत मळायचं. पिवळं थोडं जास्त घेतलं की पुटी मऊ आणि चिकट राहते, कपड्याला ते बरं. मग प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये व्हॅसलीनचा हात देऊन ती पातळ लाटायची आणि तशीच ठेवायची. तासा-दोन तासांनी ती अर्धवट वाळलेल्या पापडासारखी होते: मोडत नाही, चिकटत नाही, पण वळते. त्या वेळी नव्या पात्याने अरुंद पट्टी कापायची, एक टोक पागोट्याच्या मागे चिकटवायचं आणि सुईच्या पाठीने दोन-तीन लांब घड्या द्यायच्या. घडी टोकाकडे जाताना विरायला हवी. सगळीकडे सारखी खोल घडी दिली की कपडा पत्र्यासारखा दिसतो.

जानेवारीतल्या थंडीत पुटीला वेळ लागत होता. मामांनी टेबललॅम्पच्या बल्बखाली ठेवून तो कमी केला. उन्हाळ्यात हेच उलट होईल, हातात असतानाच पुटी घट्ट होऊ लागेल, म्हणून तेव्हा एका वेळी वाटाण्याएवढीच मळावी.

शेव सगळे एकाच दिशेला उडायला हवेत, हे भाच्याने आधीच धरून ठेवलं होतं. वारा एकच. डोकं डावीकडे वळलं तरी शेव वाऱ्याच्याच दिशेला. या एका गोष्टीने बारा सुटे स्वार एकत्र चाललेली तुकडी वाटू लागले.

भाला: सगळ्यात मोठा घोळ

भाला मामांचं क्षेत्र. चार मीटरचा भाला धरला तर या मापात ७१ मिलिमीटर. प्लॅस्टिकचा एवढा लांब भाला लगेच मोडला असता. पोलादी तार टिकली असती, पण तिचं टोक बोटात घुसतं आणि गटात लहान मुलंही खेळतात. पितळी तार, ०.७ मिलिमीटरची, वाकली तर सरळ करता येते. शिवाय पितळेचं टोक ठोकून चपटं करता येतं. मामांनी प्रत्येक तारेचं टोक छोट्या ऐरणीवर ठोकलं, कानशीने पानासारखा आकार दिला. पुढे त्या टोकाला बोथट धार ठेवली. ही बारा टोकं म्हणजे या कामातली सर्वांत देखणी गोष्ट आहे.

मूठ भोकायची मात्र सोपी नव्हती. मुठीची रुंदीच जेमतेम अडीच मिलिमीटर. एकदम ०.८ चं ड्रिल घातलं तर मूठ फुटते, आणि दोन फुटल्या. त्यानंतर सुईने खूण, मग ०.५ चं भोक दोन्ही बाजूंनी आणि शेवटी ०.८. उरलेल्या मुठी शाबूत राहिल्या. फुटलेल्या दोन्ही ठिकाणी मुठीत खोबण करून तार बसवली आणि बोटं पुटीने वर ओढली.

भाले बसले, धडं पुढे झुकवून सिमेंटने जोडली, चौघा पुढच्या स्वारांचे भाले थेट आडवे रोखलेले. दिसायला फार छान. मग ते २५ बाय ५० मिलिमीटरच्या तळपट्ट्यांवर उभे केले आणि समोर अब्दालीच्या दुराणी घोडदळाची एक तुकडी भिडवून बघितली. भिडेचना.

मामांनी लगेच आकडे मांडले. भाला मागून एक-तृतीयांशावर धरला तर हाताच्या पुढे ४७ मिलिमीटर. हात पट्टीच्या पुढच्या कडेपासून सुमारे २५ मिलिमीटर मागे. म्हणजे २२ मिलिमीटर भाला पट्टीच्या बाहेर, शत्रूच्या घोड्याच्या छातीत. खेळात तुकड्यांना पट्टीला पट्टी लावावी लागते, ते शक्यच नव्हतं. मागच्या रांगेचे आडवे भाले तर पुढच्या स्वारांच्या पाठीत गेले असते. भाला ४५ अंश वर उचलला तर पुढची पोहोच ३३ मिलिमीटर होते आणि बाहेर फक्त ८ उरतात. तेवढं घोड्यांच्या मधल्या जागेत सामावतं.

आता प्रश्न असा की आडव्या भाल्यासाठी जोडलेले चार खांदे सोडवायचे कसे. प्लॅस्टिक सिमेंटने जोडलेला सांधा सुटत नाही, दोन्ही भाग वितळून एक झालेले असतात. तो पुन्हा कापावाच लागतो. भाच्याला भाले जरा तिरपे वाकवून वेळ मारून न्यायची होती. मामांनी ते मान्य केलं नाही: "हात आडवा नि भाला वर, असं कोण धरतं?" चारही खांदे सोनारी करवतीने कापले, ०.८ चं भोक पाडून पितळी पिन घातली, हात वर फिरवला, कापात गेलेलं माप मिलिपुटने भरून काढलं. दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर यावीत म्हणून पिनेच्या टोकाला ओल्या रंगाचा ठिपका लावून समोरच्या तुकड्यावर टेकवायचा, जिथे ठसा उमटेल तिथे ड्रिल. ही क्लृप्ती नेहमीचीच, पण इथे तिने काम वाचवलं. मागच्या रांगेचे भाले जवळजवळ उभे ठेवले.

सरदार आणि पट्टेकरी

धातूच्या सरदाराचा उगारलेला हात खाली आणून पुढे दाखवायचा होता. व्हाइट मेटल एकदा हळूहळू वाकतं, पण मागे-पुढे केलं की तडा जातो. इथे वाकवायचा कोन मोठा होता, म्हणून खांद्यात करवत, १ मिलिमीटरची पिन आणि सुपरग्लू. जुन्या धातूच्या फिगरमध्ये शिसं असू शकतं, म्हणून मामांनी ओल्या वर्तमानपत्रावर कानस मारली आणि कचरा गुंडाळून टाकला. पुढे काही अडलं नाही.

पट्टेकऱ्याचं मात्र वेगळं झालं. भाच्याने त्याचा हात निप्परने तोडायला घेतला आणि रेझिनचा पंजा तुकडे होऊन उडाला. प्रिंटरच्या रेझिनला निप्परची चिमट सोसत नाही, करवतच हवी, तीही पाण्याखाली किंवा मास्क लावून, कारण त्याची धूळ फुप्फुसांना वाईट. नुकसान भरून निघालं ते पट्ट्याच्या रचनेमुळे. पट्ट्याची लोखंडी मूठ कोपरापर्यंत हात झाकते. म्हणून हात कोपरातच कापला आणि पुढची मूठ ग्रीन स्टफच्या गाभ्यावर मिलिपुटचं कवच देऊन नव्याने घडवली. पातं मामांनी जुन्या फीलर गेजच्या, म्हणजे फटी मोजायच्या पोलादी पट्ट्यांच्या संचातल्या, सर्वांत पातळ पट्टीतून काढलं. खरं पातं जसं लवतं तसंच ते लवतं.

निकाल

१४ जानेवारीला दहा स्वार, सरदार आणि पट्टेकरी टेबलावर होते. दोन स्वारांचा रंग राहिला होता, ते नंतर आले. खांद्यांच्या दुरुस्तीत जेवढा वेळ गेला, तेवढ्यात ते दोघे सहज पुरे झाले असते.

दिवसभराच्या हाताळणीनंतर सिमेंटने जोडलेला एकही सांधा सुटला नाही. पिन असलेलेही सगळे टिकले. सुटली ती फक्त सुपरग्लूने नुसती चिकटवलेली दोन डोकी. सुपरग्लू ओढ सोसतो, बाजूने बसलेला धक्का नाही. प्लॅस्टिकच्या मानेवर प्लॅस्टिकचं डोकं असताना तिथे सुपरग्लू वापरायचं कारणच नव्हतं, फक्त लवकर चिकटतं म्हणून वापरला गेला. एकही शेव मोडला नाही. तीन भाले वाकले, बोटाने सरळ केले.

रंगाआधी द्यायच्या प्रायमरच्या पहिल्या हाताने मात्र दोन गोष्टी उघड केल्या. दोन कमरांवरची फट राखाडी रंगाखाली स्पष्ट दिसू लागली, आणि एका पागोट्यावर रंग धरेना, कारण लाटतानाचं व्हॅसलीन धुतलं गेलं नव्हतं. साबणाच्या कोमट पाण्याने आणि जुन्या ब्रशने ते सुटलं. हळदीचा पिवळा हात चेहऱ्यांवर आला तेव्हा गटातले सगळे टेबलाभोवती जमले.

पुन्हा करायचं तर

सर्वांत आधी एक स्वार, एकच, ब्लू-टॅकने, म्हणजे पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्याने, तात्पुरता उभारून पट्टीवर ठेवावा आणि समोर शत्रूची पट्टी भिडवावी. भाल्याचा कोन तिथेच कळला असता. मामा-भाच्यांनी पोझ इतिहासातून ठरवली ते योग्यच, पण ही मॉडेलं खेळायची होती आणि खेळाचं माप पोझमध्ये धरायला हवं होतं. नुसत्या मांडणीसाठी असती तर आडवे भाले तसेच ठेवा, असं मीच म्हटलं असतं.

सिमेंट लावायचा क्षण शक्य तितका पुढे ढकलावा. कंबर, खांदा, मान तिन्ही आधी कोरड्या जुळवून, फोटो काढून, दुसऱ्या दिवशी ताज्या नजरेने बघाव्यात. एकदा वितळलेलं प्लॅस्टिक परत मागता येत नाही.

प्रायमरचा एक पातळ हात पुटीच्या कामाच्या मध्येच द्यावा. तो रंगाची तयारी म्हणून नाही, तर फटी शोधायला. हिरवी पुटी, पांढरी पुटी आणि राखाडी प्लॅस्टिक एकत्र असताना डोळा फसतो, एकरंगी झाल्यावर नाही.

ज्या एका गोष्टीबद्दल आमच्यात अजून एकमत नाही ती रेझिनची. भाच्याला पुढची तुकडी, गारद्यांचं पायदळ, प्रिंट करून घ्यायची आहे आणि पोझ संगणकावरच ठरवायची आहे. मामांना प्लॅस्टिकच हवं. माझं मत मामांकडे झुकतं, कारण गारद्यांच्या हातात बंदुका असतील, त्या दर खेळात बोटांना अडकतील, आणि रेझिनची बंदूक दुसऱ्यांदा जोडायला पिनेपुरतीही जागा देत नाही. तूर्त ठरलंय ते एवढंच: दोन शिपाई रेझिनचे, दोन प्लॅस्टिकचे करायचे, चारही जणांना महिनाभर खेळात फिरवायचं आणि मग बॉक्स मागवायचा की प्रिंटरवाल्या मित्राला फोन करायचा ते ठरवायचं.